दर्शनानं सांगितलं होतं

हे मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, ज्या मित्राबरोबर अकॅडमी काढली त्याला नाही. देवळात उभा राहिलो तरी दुसरंच काहीतरी मागून परत यायचो. आता तुम्हाला सांगतोय – तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा ओळखतही असाल. मुरबाडहून म्हशाकडं जाताना फाट्यावर एक फ्लेक्स लागलाय बघा – गळ्यात शिट्टी, हाताची घडी, काळा टी-शर्ट. खाली लिहिलंय, पोलीस भरती, सैन्य भरती, पर्सनल ट्रेनिंग. तो मी.

असे फ्लेक्स बघितले की हल्ली माझं डोकं फिरतं. माझाच फ्लेक्स नाही, सगळ्यांचे. शहापुरात चार गल्ल्यांत तेवढ्याच जिम झाल्या आहेत, आणि प्रत्येक जिमच्या दारात एक जण दंड फुगवून उभा. लोक त्याचे दंड बघतात आणि आत जातात. म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, जोताला लावलाय का म्हणून दहा जणांना विचारतो. आणि स्वतःच्या पोरीला धावायला शिकवणारा माणूस निवडताना काय बघतो? त्याच्या पाठीवर इंग्रजीत काय छापलंय ते. का नाही विचारत, तू कुठं शिकलास? तुला शिकवलं कुणी? माझ्या पोरीला दम्याचा त्रास आहे, तिच्याकडून काय करून घेणार आणि काय नाही? का नाही विचारत?

बघा – पुन्हा तेच केलं मी. तुमच्यावर ढकललं. सवय आहे मला ती. आणि खोटंही बोललो, कारण एका माणसानं विचारलं होतं. नीट, शांतपणे, जे विचारायला हवं तेच विचारलं होतं.

पण आधी मी कोण होतो ते सांगायला हवं.

माझं गाव शहापूर तालुक्यातलं. पोलीस भरतीत मी स्वतः नापास झालेला माणूस आहे. एकदा नाही, वय निघून जाईपर्यंत. मग ठाण्याच्या एका मॉलमध्ये गार्ड होतो, तिथून सुटलो तो शहापूरच्या जिममध्ये. काम काय, तर लोकांनी टाकून दिलेली वजनं जागेवर लावायची, आरसे पुसायचे. संध्याकाळी मीही व्यायाम करायचो, अंग भरलं. एक दिवस तिथला ट्रेनर सोडून गेला आणि मालकानं त्याचा टी-शर्ट माझ्या अंगावर फेकला. म्हणाला, आजपासून तू बघ. झालं. त्या दिवसापासून मी सर. सर्टिफिकेट कल्याणच्या एका दुकानात छापून आणलं – दिल्लीच्या कुठल्यातरी संस्थेचं, ती संस्था आहे की नाही मला आजही माहीत नाही. वर एक गोष्ट जोडली, की मी राज्य पातळीवर कबड्डी खेळलोय. खेळलो होतो तालुक्याला. तेही बाकावर बसून.

मला काय येत होतं? मोबाइलवर बघून जे येतं ते. आणि आवाज. माझा आवाज मोठा आहे. मैदानाच्या या टोकाहून ओरडलं की त्या टोकाची मुलं पळायला लागतात. लोकांना वाटतं हेच शिकवणं. मलाही वाटायचं – नाही, हेही खोटं. मला कधीच तसं वाटलं नव्हतं. आत कुठंतरी कायम भीती असायची, की आज कुणीतरी असं काही विचारेल ज्याचं उत्तर माझ्याकडं नसेल.

त्याच भीतीत मित्राबरोबर मुरबाडला अकॅडमी काढली, आणि तिथं एके सकाळी दर्शना आली, तिच्या वडिलांबरोबर. दर्शना हे तिचं खरं नाव नाही. गाव सिद्धगडाच्या बाजूचं, डोंगराच्या अगदी कुशीतलं. त्या गावाचं नावही लिहिणार नाही. वीस वर्षांची असेल. बारीक, उंच, आणि पळताना पाय जमिनीला लागल्याचा आवाज नाही. पहिल्या दिवशी नुसती पळवून बघितली, तेव्हाच कळलं की ही निघणार. भरतीत मुलींना आठशे मीटर असतं. ते तिला जवळजवळ येतच होतं. खरं सांगायचं तर तिला माझी गरज नव्हती.

वडिलांचं नाव काळूराम म्हणू. भाताची शेती, डोंगरउतारावर नाचणी. त्यांची इच्छा, की पोरीकडं वेगळं लक्ष द्यावं, बॅचमध्ये हरवू नये. म्हणजे पर्सनल. मी म्हटलं, देऊ की. ते टेबलासमोर टोपी हातात धरून बसले होते. भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडं बराच वेळ बघत होते. मग म्हणाले –

"सर, राग मानू नका. पण तुमी ह्ये कुठं शिकलात? म्हंजे पायाबियाला काय झालं पोरीच्या, तर तुमाला समजंल ना?"

काय चूक होतं त्यात? शब्दन् शब्द बरोबर होता. आज कुणी मला विचारलं की चांगला ट्रेनर कसा ओळखायचा, तर मी त्याला हेच दोन प्रश्न देईन. कुठं शिकलास, आणि दुखलं तर तुला समजेल का.

आणि मी काय केलं? मी चिडलो. खोटं खोटं नाही – खरोखर चिडलो, अंग तापलं माझं. खुर्ची मागं ढकलून उभा राहिलो. बाहेर मुलं ऐकत होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, काका, विश्वास नसेल तर दुसरीकडं जा, इथं रांग लागली आहे, राज्य पातळीवर खेळलेल्या माणसाला असं कुणी विचारत नाही. ते गडबडून उठले. "नाय नाय सर, तसं नाय, आमी अडाणी, चुकून बोललो." दर्शना खाली मान घालून उभी होती. वडिलांची तिला लाज वाटली असेल त्या दिवशी. माझ्यामुळं.

मी हे कित्येकदा आठवून पाहिलंय. मला राग कशाचा आला होता? पकडलं गेल्याचा. चोराला हटकलं की तो जसा अंगावर येतो, तसा. आणि रागाचा फायदा काय होतो बघा – समोरचा माणूस माफी मागतो आणि प्रश्न तसाच राहतो. तेव्हापासून मला ही युक्तीच सापडली. कुणी काही विचारलं की चिडायचं. म्हणून सांगतो, जो माणूस साध्या प्रश्नावर चिडतो त्याच्यासमोरून उठा. त्याचे दंड केवढेही असोत. लगेच उठा आणि पोरीला घेऊन घरी जा. ज्याला येतं त्याला विचारलेलं आवडतं. तो उलट तुम्हालाच दहा गोष्टी विचारतो – आधी कधी पडला होता का, औषधं चालू आहेत का, झोप किती, पाळीचं काय. मी दर्शनाला यातलं काहीही विचारलं नाही. वजनसुद्धा विचारलं नाही.

ती रोज पहाटेच्या एसटीनं यायची. मी तिला बॅचच्या आधी पळवायचो, बॅचबरोबर पळवायचो, नंतर पायऱ्या. पाच-सहा आठवड्यांनी वाटलं, आणखी वेळ कमी करता येईल. तेव्हा तिला सांगितलं, घरी गेल्यावर संध्याकाळी डांबरी रस्त्यावरही पळ. रोज. तिचे शूज झिजलेले होते. मी ते बघितलं होतं.

मग एक दिवस ती म्हणाली, नडगी दुखते. मी म्हटलं, दुखणारच, पाय घडतोय. सगळ्यांसमोर म्हटलं आणि बाकीची मुलं हसली. ती पण हसली.

काही दिवसांनी परत म्हणाली. या वेळी बाजूला येऊन, हळू. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या पाय टेकवत नाही म्हणाली. मी स्प्रे दिला मारायला. वर सांगितलं की भरतीत स्प्रे घेऊन कुणी उभं नसतं.

तिसऱ्यांदा ती बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मैदानाच्या कठड्यावर बसली होती, ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर घेतली, आणि नडगीवर एका जागी बोट ठेवलं. एकाच जागी.

"सर, हितं. हाडात दुखतंय. मासात नाय."

मी बघितलं. त्या जागी किंचित फुगलं होतं. हात लावायला गेलो तर तिनं पाय मागं घेतला.

मला समजलं होतं का, की हे काहीतरी वेगळं आहे? हो. काय आहे ते समजलं नव्हतं. वेगळं आहे एवढं समजलं होतं. डॉक्टरकडं पाठवायचं हे समजायला शिकावं लागत नाही. पण डॉक्टरनं आराम सांगितला असता. भरतीची तारीख जवळ होती. माझ्याकडची पहिली मुलगी जी शंभर टक्के लागणार होती, तीच होती. तिचा वर्दीतला फोटो मी मनातल्या मनात फ्लेक्सवर लावूनसुद्धा टाकला होता. मी म्हटलं, दर्शना, तुला नोकरी पाहिजे की लाड? तिनं ट्रॅकपँट खाली केली आणि उठली.

त्याच आठवड्यात सराव परीक्षा घेतली. दुसऱ्या फेरीला, वळणावर, ती पडली. म्हणजे ठेच लागून पडतात तशी नाही. पाय टाकला आणि पाय खालून निघूनच गेला. मी शिट्टी वाजवली – विचार करा, शिट्टी! मला वाटलं ती दमली. जवळ गेलो तेव्हा नडगी जिथं वाकायला नको तिथं वाकलेली दिसली. ती ओरडली नाही. मातीत बोटं रोवून पडली होती, आणि एवढंच म्हणत होती, बाबांना नका सांगू, बाबांना नका सांगू.

गाडी करून कल्याणला नेली. काळूराम काका नंतर पोचले, शेतातल्या चिखलाच्या पायांनी. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही. हाडाला आधीपासून बारीक चीर होती, त्यावरच पळत राहिली म्हणून पूर्ण मोडलं. सळी घालावी लागेल. मग त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, हे दुखत असणार बरेच दिवस. कुणाला सांगितलं नाही हिनं?

आता तो क्षण. खोलीत आम्ही चौघं. दर्शना खाटेवर, तिचे वडील तिच्या उशाशी, डॉक्टर, मी. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असंही नाही. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. तिनंच सांगितलं असतं, आणि मी मान खाली घातली असती, एवढंच. पण मी बोललो. दुसऱ्या कुणी तोंड उघडण्याच्या आत बोललो.

मी म्हणालो, नाही डॉक्टर. मी रोज विचारायचो, ती काही नाही म्हणायची. आणि वर – हे माझ्या तोंडून कुठून आलं, आधी ठरवलेलं नव्हतं – वर म्हणालो, घरी जाऊन डांबरी रस्त्यावर पळायची, मी नको म्हटलं असताना. मला न सांगता.

दर्शनानं मान वळवली. वेदनेनं तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मी सांगितलं व्हतं सरांना. सरांनीच सांगितलं रोडवर पळायला."

आणि मी पुन्हा चिडलो. तीच युक्ती. मोडलेल्या पायाच्या पोरीवर, दवाखान्यात, मी आवाज चढवला. माझ्या तोंडावर खोटं बोलतेस? एवढं तुझ्यासाठी केलं त्याचं हे? डॉक्टर म्हणाले, बाहेर जाऊन बोला. बाहेर कॉरिडॉरमध्ये काळूराम काका माझ्यामागं आले. मला वाटलं आता गचांडी धरतील. त्यांनी हात जोडले.

"सर, पोर चुकली. दुखण्यात बोलली ती. मनावर घेऊ नका."

मी म्हटलं, ठीक आहे काका. ठीक आहे! असं म्हटलं मी. मोठ्या मनानं.

तुम्हाला वाटेल हीच ती कबुली. हे वाईट होतंच. पण इथं थांबलो असतो तर – नाही, यापुढं मी जे केलं त्याला मला शब्द सापडत नाही. कारण हे तरी एका क्षणात घडलं. पुढचं मी ठरवून, वर्षानुवर्षं केलं.

मी तिची गोष्ट केली. प्रत्येक नवी बॅच आली की पहिल्या दिवशी सगळ्यांना मैदानात बसवायचं आणि सांगायचं, की अमुक गावची एक मुलगी होती, पळायला वाऱ्यासारखी, पण सरांचं ऐकलं नाही. सरांपासून लपवलं, चोरून जास्त पळाली, पाय मोडून बसली. वर खोटं बोलली. आज कुठं आहे ती? मुलांना सोडायला आलेल्या आयांना गोष्ट फार आवडायची. माझा मित्र तर ती माझ्यापेक्षा छान सांगायचा, कारण त्याला ती खरी वाटायची. पंचक्रोशीत ती पसरली. गावाचं नाव होतं ना त्यात. त्या गावात पळणाऱ्या मुली किती असणार?

मधे काही वर्षं गेली. शहापूर-मुरबाडकडं मोठ्या जिम आल्या, शिकलेले ट्रेनर आले, आणि मला भीती वाटली की आता निभणार नाही. म्हणून ठाण्याला जाऊन खरा कोर्स केला. पश्चात्तापानं नव्हे, धंद्यासाठी. तिथं एक फिजिओथेरपिस्ट बाई शिकवायच्या. एकदा त्यांनी नडगीचं हाड फळ्यावर काढलं आणि म्हणाल्या, स्नायूचं दुखणं माणूस तळव्यानं दाखवतो, असं चोळून. हाडाला चीर असेल तर एका बोटानं दाखवतो. बोट दिसलं की पळणं बंद, त्याच मिनिटाला बंद, आणि डॉक्टरकडं. सगळे लिहून घेत होते. माझा हात चालेना. शेजारच्यानं विचारलं, काय रे, पेन संपलं का?

मग काय केलं? तुम्हाला वाटेल सोडलं सगळं, नाही तर निदान गोष्ट सांगणं थांबवलं. छे. मी परीक्षा पास झालो. खोटं सर्टिफिकेट काढून त्याच खिळ्यावर खरं लावलं. मुलांना नीट शिकवायला लागलो, हे खरं आहे. आता माझ्याकडं कुणी दुखतं म्हटलं की त्याला बसवतो. पण पहिल्या दिवशीची गोष्ट? ती चालूच होती. उलट मी तिच्यात ते बोटाचं ज्ञान घातलं. म्हणायचो, एका बोटानं दाखवता येईल असं दुखलं तर लपवू नका, त्या मुलीनं लपवलं होतं. तिनंच दाखवलेलं बोट मी तिच्याविरुद्ध वापरलं. आज हे लिहिताना मला माझ्या तोंडात मारावंसं वाटतंय.

गेल्या महिन्यात शहापूरला सत्कार होता. आमच्या काही मुली भरतीत लागल्या, त्यांचा आणि माझा. शाल, श्रीफळ, हार. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझी शिस्त सांगताना तीच गोष्ट सांगितली. गावाच्या नावासकट, तिच्या खोटं बोलण्यासकट. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत शाल सावरत हसत होतो. आणि डावीकडं, बायकांच्या रांगेत मागं, दर्शना बसलेली दिसली.

अंगानं भरली होती, मांडीवर लहान मुलगी. नंतर कळलं, लग्न होऊन ती शहापूरलाच आली आहे, आणि लागलेल्या मुलींपैकी एक तिची नणंद. माझ्याच अकॅडमीतली. म्हणजे नणंदेनं पहिल्या दिवशी ती गोष्ट ऐकली असणार, आणि घरी जाऊन जेवताना सांगितलीही असणार – वहिनी, तुमच्या गावची कोण होती गो ती?

कार्यक्रम संपल्यावर लोक फोटो काढत होते. ती मुलीला कडेवर घेऊन आली. मी कुठंतरी निसटायला बघत होतो, पण मधे खुर्च्या होत्या. मला वाटलं आता ही चारचौघांत बोलणार. बोलायलाच हवं होतं. माझी तयारी काय होती सांगू? चिडायची. इतक्या वर्षांनी, खरं सर्टिफिकेट असताना, माझं अंग परत तापायला लागलं होतं.

ती म्हणाली, "सर, एक सांगायचं व्हतं. गावाचं नाव तेवढं नका घेत जाऊ. बाबांना लोक अजून इचारतात."

बस. एवढंच मागितलं तिनं. खोटं मागं घ्या असंही नाही. मग नणंदेचं अभिनंदन करायला गेली. चालताना पाय किंचित बाहेर टाकते ती आता.

मला त्या रात्री स्वतःचा नाही, तिचाच राग आला आधी. का एवढं थोडं मागितलं? का नाही थोबाडीत मारली? आणि मग कळलं, की ती दवाखान्यात एकदा खरं बोलली होती, वडिलांसमोर, आणि कुणी मानलं नव्हतं. ज्याचं एकदा असं झालं तो पुन्हा कशाला मागेल?

मागच्या आठवड्यात मी तिच्या माहेरी गेलो. भात झोडून झालं होतं, काळूराम काका अंगणात पेंढा बांधत बसले होते. मला बघून लगबगीनं उठले. सर आले, सर आले, चहा टाका गो. खाट टाकली. मी उभाच राहिलो. म्हटलं, काका, बसलो तर बोलणार नाही मी. आणि सांगितलं सगळं. भिंतीवरचा कागद खोटा होता. तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. दर्शनानं मला सांगितलं होतं, एकदा नाही, तीन वेळा. रस्त्यावर पळायला मीच लावलं होतं. दवाखान्यात खोटं मी बोललो, ती नाही.

ते पुन्हा बसून पेंढा पिळायला लागले होते, तो हातात तसाच राहिला. दारात त्यांची बायको चहाची कपबशी घेऊन उभी होती, ती आतही गेली नाही आणि बाहेरही आली नाही. मग काका बोलले. माझ्याशी नव्हे, हातातल्या पेंढ्याशी.

"पाय बरा झाल्याव ती बोलली व्हती, बाबा, पुढच्या भरतीला जाते. मी बोललो, खोटं बोलणारीला वर्दी कशाला?"

मग म्हणाले, "वरीसभर धड बोललो नाय तिच्याशी. लगीन लावलं तवा पण नाय."

मला वाटलं आता ते मला काहीतरी बोलतील. मी त्यासाठीच उभा होतो. शिवी, दगड, काहीही. ते उठले, ड्रमातल्या पाण्यानं हातपाय धुतले, आत जाऊन सदरा घालून आले. बायकोनं विचारलं कुठं. "दर्शनाकडं." आत्ता? काम अर्धं टाकून? "हां, आत्ता."

मी म्हटलं, मोटारसायकल आहे, शहापूरपर्यंत सोडतो. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"नको. तू जा," म्हणाले. सर नाही, तुमी नाही.

ते पुढं आणि मी मोटारसायकल हातानं ढकलत मागं, असे फाट्यापर्यंत आलो. ते मागं वळले नाहीत. मुरबाडची एसटी लांबून दिसली तसे ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर करून, जणू ती थांबणारच नव्हती. एसटी पुरती थांबायच्या आत दांडी धरून चढले.

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना थांबून काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते घाईत होते.